लेखी म्हणणं क्रमांक पाच, बांगडे दोन

गुरुवारी सकाळी दहाच्या आत दोन गोष्टी फॅक्सने जायला हव्या होत्या. एक, डब्यांच्या दुकानाला दुपारच्या जेवणाची मागणी. दोन, व्यापारी न्यायालयाला आणि प्रतिवादीच्या वकिलांना वादीचं लेखी म्हणणं क्रमांक पाच. खरं तर लेखी म्हणण्याला दुपारी एकपर्यंत वेळ होता, पण नोनोमुरा फुमिए सव्वीस वर्षं ओसाकातल्या त्या छोट्या वकिली कार्यालयात काम करत होत्या, आणि त्यांच्या हिशेबात दहानंतर पाठवलेली कुठलीही गोष्ट उशिराच गेलेली असते. डब्यांच्या दुकानाचे मालक मुगितानी यांचंही तेच मत होतं. त्यांच्या मागणीपत्रकावर खाली ठळक अक्षरांत छापलेलं असे: ‘दहानंतर आलेली मागणी स्वीकारली जाणार नाही. कारणं सांगू नयेत.’

न्यायाधीशांचा नियम त्या मानाने मवाळ होता. दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं आणि पुरावे अमुक गुरुवारी दुपारी एकच्या आत न्यायालयात आणि समोरच्या बाजूला पोचवावेत. त्यानंतर नवं काही ऐकलं जाणार नाही. उशीर झाला तर कारण द्यावं. एकचीच वेळ का, असं प्रतिवादीच्या वकिलांनी विचारलं होतं. “पाच म्हटलं की सगळे पाचपर्यंत जेवत बसतात,” एवढंच न्यायाधीश म्हणाले होते.

दावा होता पानाचा. डब्यात भात आणि मासा यांच्यामध्ये ते हिरवं प्लास्टिकचं पान उभं असतं ना, गवतासारखं टोकं असलेलं, ते. इकेजिरी नावाचे एक वयस्कर गृहस्थ चाळीस वर्षं ही पानं दुकानांना पुरवत आले होते. त्यांच्या पानाला नऊ टोकं, आणि त्यातलं डावीकडून सहावं टोक दीड मिलिमीटर आखूड. पंचवीस वर्षांपूर्वी साचा हातातून पडला आणि तेवढा कपचा उडाला. पुढचे सगळे साचे त्या साच्यावरूनच काढले, त्यामुळे खोटही वारशाने आली. हिवाताशी नावाच्या कारखान्याने करार केला होता की हे पान फक्त इकेजिरींसाठी बनवू. इकेजिरींना पक्का संशय होता की कारखाना तेच पान दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने मागच्या दाराने विकतो. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं गेली होती. हा दावा हरलो तर दुकान बंद आणि दुकानातली अकरा माणसं घरी, हे त्यांनी वकिलांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि नंतर पुन्हा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

फक्त पुरावा नव्हता. तीन वर्षं दर गुरुवारी त्यावरच बैठक व्हायची. ओतागुरो सेन्सेई, म्हणजे वकीलसाहेब, डबा उघडून विचारायचे, “हे पान बाजारात कुठेतरी असणारच. पण कुठे?” आणि बांगड्याचा तुकडा तोंडात टाकायचे. सेन्सेईंना दोन डबे लागायचे, दोन्ही बांगड्याचे. नोनोमुरासान कोंबडीचा एक घ्यायच्या. इकेजिरी मात्र बैठकीत कधीच जेवत नसत. वकिलांसमोर तोंड हलवणं त्यांना बरं दिसायचं नाही. “मी खाऊन आलोय,” असं म्हणायचे आणि जेवणाच्या वेळी हळूच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीत उभ्याउभ्या गरम शेवया खाऊन यायचे. परत येईपर्यंत डबे कचऱ्यात गेलेले असायचे.

तर त्या गुरुवारी नोनोमुरासाननी नेहमीप्रमाणे फॅक्सशेजारी दोन गठ्ठे ठेवले. वर मागणीपत्रक, एक पान. खाली लेखी म्हणणं, अडतीस पानं आणि वर पोचपत्र. आधी वरचं, हिरवं बटण, दुकान. मग खालचं, लाल बटण, न्यायालय आणि प्रतिवादी. सव्वीस वर्षांत हा क्रम बदलला नव्हता.

नऊ पस्तीसला ओतागुरो सेन्सेई तिथून गेले. पुरावा नसताना अडतीस पानं लिहिणं हे सोपं काम नाही, आणि त्यांना त्या पानांचा अभिमान होता. विशेषतः तिसऱ्या पानाचा. तिथे त्यांनी प्रतिवादीला कागद उशिरा दिल्याबद्दल झापलं होतं: ‘टाळता येण्यासारख्या उशिराला माफी असू नये.’ अशा मजकुराच्या डोक्यावर बांगड्याची मागणी बसलेली त्यांना बघवेना. त्यांनी लेखी म्हणणं उचलून वर ठेवलं, कडा सरळ केल्या आणि समाधानाने निघून गेले.

नऊ अडतीसला इकेजिरींचा फोन आला. नोनोमुरासाननी तो मान आणि खांद्यामध्ये धरला.

“आज जातंय ना सगळं?”

“हे बघा, आत्ता पाठवतेच आहे.”

“पुरावा नसला तरी चालेल ना हो?”

“सेन्सेईंनी फार चांगलं लिहिलंय, इकेजिरीसान.”

“ते वाचलं मी. अडतीस पानं चांगली आहेत. म्हणूनच भीती वाटतेय. खरी गोष्ट असती तर दोन पानांत झाली असती.”

या वाक्यावर काय बोलावं हे नोनोमुरासानना सुचेना, आणि माणसाला बोलायला सुचत नसतं तेव्हा हात आपलं काम करतात. वरचा गठ्ठा, हिरवं बटण. खालचा, लाल बटण. हाताला जाडी कळायला हवी होती; पण कान तिकडे होते आणि हातांना विचारायची सवय नव्हती. एका कागदाला तीस सेकंद धरले तर एकोणचाळीस कागदांना साडेएकोणीस मिनिटं. नऊ सत्तावन्नला लेखी म्हणणं क्रमांक पाच डब्यांच्या दुकानात पूर्ण पोचलं. दहाच्या आत, नियमाप्रमाणे. त्यानंतर लगेच ‘बांगडे दोन, कोंबडी एक, आलं वेगळं’ हे व्यापारी न्यायालयाला आणि प्रतिवादीचे वकील कादोवाकी यांना गेलं.

दहा वाजून सात मिनिटांनी कादोवाकींच्या कार्यालयातून पोच आली. मागणीपत्रकाच्या तळाशी ‘मिळाले’ असा एक चौकोन असतो. त्यावर तिकडच्या कारकुनाने कार्यालयाचा लाल शिक्का मारून कागद परत पाठवला होता. वकिलाकडून फॅक्स आला की शिक्का मारून परत पाठवायचा, इतकंच त्याला माहीत होतं. कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा तिथे ओतागुरो सेन्सेई होते. त्यांनी खालचा शिक्का पाहिला.

“नोनोमुरासान, कादोवाकीने पहिल्यांदाच कटकट न करता पोच दिली बघा.”

“बरं झालं. फाइलला लावा.”

सेन्सेईंनी फाइलला लावली. वरचा मजकूर कुणीच वाचला नाही. पोच वाचायची नसते, लावायची असते.

बारा वाजले. डबे आले नाहीत. बारा वाजून तीन मिनिटं. चार. मुगितानी बारा म्हणजे बारा, त्यात तीन वर्षांत फरक पडला नव्हता. सेन्सेई खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“काही झालंय का?”

“मी विचारते.” नोनोमुरासाननी मुगितानींच्या मोबाइलवर फोन लावला. “मुगितानीसान, आमचे डबे?”

“अहो बाई, तेच शोधतोय,” मुगितानी म्हणाले. मागे तव्यावर काहीतरी चरचरत होतं. “सव्विसाव्या पानावर आहे मी. अजून डब्यांचा आकडा आलेला नाही.”

“कशाचं सव्विसावं पान?”

“तुमच्याच मागणीचं की. सकाळी बायकोला म्हटलं, आज बरीच मोठी मागणी दिसते. ती म्हणाली, वकील आहेत, एका ओळीत कशी मागतील. म्हणून बसलो वाचत. मधे गिऱ्हाईक, पुन्हा वाचन. चांगलं लिहिलंय. तिसऱ्या पानावर तर काय हाणलाय त्याला.”

नोनोमुरासाननी रिसीव्हर कानाला तसाच धरून फाइल उघडली. कादोवाकींची पोच. लाल शिक्का. वर: बांगडे दोन, कोंबडी एक, आलं वेगळं.

“बाई? आहात ना?”

“आहे.”

“मग ऐका. चौदाव्या पानावर चित्र आहे ना, ते पान…”

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. तो न्यायालयातून होता. कारकून अतिशय सभ्य आवाजात बोलत होता, आणि न्यायालयाचा कारकून इतक्या सभ्यपणे बोलतो तेव्हा काहीतरी नक्कीच चुकलेलं असतं.

“आज आपल्याकडून वादीचं म्हणणं क्रमांक पाच यायचं होतं. सकाळी एक पान मिळालं. न्यायाधीश विचारताहेत, बाकीचं येणार आहे की एवढंच आहे?”

“येतंय. आत्ता येतंय.”

“‘आलं वेगळं’ हा मुद्दा पूर्वी मांडलेला नव्हता, असं त्यांनी नोंदवलंय.”

नोनोमुरासाननी दोन्ही फोन ठेवले आणि सेन्सेईंना सगळं सांगितलं. सांगताना गठ्ठ्यांच्या क्रमाचाही उल्लेख आला. सेन्सेई काही क्षण छताकडे पाहत राहिले.

“वर कोणी ठेवलं असेल ते?” ते म्हणाले.

“तुम्हीच सांगा.”

“ते जाऊ द्या. किती वाजले?”

“बारा अकरा. न्यायालयाला वीस मिनिटं, कादोवाकींना वीस. बारा एक्कावन्न. होतंय.”

त्यांनी गठ्ठा लावला आणि लाल बटण दाबलं. यंत्राने घशातून आवाज काढला आणि पाठवायच्या ऐवजी घ्यायला सुरुवात केली. कार्यालयात फॅक्सची लाइन एकच, आणि त्या लाइनवर दुसऱ्या टोकाला मुगितानी होते.

झालं असं की पोचपत्रावर स्पष्ट लिहिलेलं होतं: ‘मिळाल्यावर शिक्का मारून परत पाठवावे.’ मुगितानी न वाचता शिक्का मारणाऱ्यांतले नव्हते. आता वाचून झालं होतं, निदान कामापुरतं. शिवाय चौदाव्या पानावरून त्यांना काही दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी पोचीच्या पाठोपाठ जोडलं होतं.

पहिलं पान शिक्क्याचं आलं. दुसरं पान काळं यायला लागलं. पूर्ण काळं. मुगितानींनी यंत्राचं झाकण उघडं ठेवून काहीतरी जाड वस्तू काचेवर ठेवली असावी. पांढरा कागद फॅक्सने चटकन जातो, कारण ‘इथे काही नाही’ एवढंच कळवायचं असतं. पण असं डागाळ, दाणेदार काळं बिंदूबिंदूने सांगावं लागतं. एका पानाला पावणेचार मिनिटं लागली. सेन्सेई शेजारी उभे राहून ते काळं इंचाइंचाने उलगडताना पाहत होते.

“हा माणूस आम्हाला काय पाठवतोय? वीज गेलेली?”

“मोबाइल उचलत नाहीयेत. जेवणाची गर्दी असेल.”

“वायर काढा.”

“सेन्सेई, यंत्र जुनं आहे…”

सेन्सेईंनी स्वतःच वायर काढली. मग लावली. यंत्र तापायला चार मिनिटं गेली. ते पूर्ण तापलं, लाइन मोकळी झाली, नोनोमुरासानचं बोट लाल बटणावर पोचलं, आणि त्याच्या अर्धा सेकंद आधी पुन्हा मुगितानींचा फॅक्स आत शिरला. दुकानाचं यंत्र त्यांच्यासारखंच चिकाटीचं होतं. अडवलं की पुन्हा लावायचं.

बारा पंचवीस. आणखी एक काळं पान. सेन्सेईंनी वायरला पुन्हा हात घातला.

“थांबा,” नोनोमुरासान म्हणाल्या.

काळ्यातून एक फिकट आकार वर येत होता. तळ सपाट, वर टोकं. प्रत्येक टोकाशी पेनाने आकडा घातलेला, एक ते नऊ. सहाच्या आकड्यापाशी बाण आणि मुगितानींचं अक्षर: ‘हे आखूड. तुमच्या पान १४ प्रमाणे. माझ्याकडे अशी सात खोकी आहेत.’

त्याच्या मागोमाग खोक्यावरचं लेबल आलं. त्यावर हिवाताशी कारखान्याचा खूण क्रमांक. मग माल पोचल्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर पाठवणाऱ्या घाऊक दुकानाचं नाव. ते नाव इकेजिरींचं नव्हतं. मग दुसरी चिठ्ठी. तिसरी. मुगितानींनी तीन वर्षांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या आणि आता एकेक करून सगळ्या पाठवत होते.

ओतागुरो सेन्सेई खुर्चीवर बसले.

“तीन वर्षं,” ते म्हणाले.

“एकशे सत्तेचाळीस गुरुवार,” नोनोमुरासान म्हणाल्या. “दर वेळी तीन डबे, डब्यात दोन पानं. आठशे ब्याऐंशी.”

“आकडा सांगायची गरज होती का?”

“तुम्ही एकदा म्हणाला होतात, पानं घशाला टोचतात, त्यांना काढून ठेवायला सांगा.”

घड्याळात बारा एकतीस झाले होते आणि चिठ्ठ्या संपायची चिन्हं नव्हती. या वेळी मुगितानींनी मोबाइल उचलला.

“मिळालं का?” त्यांनी विचारलं.

“मिळालं. मुगितानीसान, आता यंत्र बंद करा. आमचं हे एकच्या आत न्यायालयात जायचंय, आणि तुम्ही लाइन अडवलीय.”

“आधी सांगायचं ना. पण चिठ्ठ्या अजून तेवीस आहेत.”

“मूळ चिठ्ठ्याच हव्यात. आणि खोकं. आणि पानं.”

“मग मी येतो घेऊन. तसेही तुमचे डबे आणायचेच होते. किती, ते मात्र अजून कळलं नाही.”

“बांगडे दोन, कोंबडी एक.”

“आलं वेगळं?”

“मुगितानीसान, या आता.”

बारा एकेचाळीसला ते स्कूटरवरून आले, अंगात एप्रन, डोक्यावर हेल्मेट. तोवर सेन्सेईंनी, नवा पुरावा जोडल्याशिवाय आता काहीच पाठवायचं नाही असं ठरवून, पुराव्याच्या यादीत हाताने एक ओळ वाढवली होती आणि शिक्के मारून ठेवले होते. खोकं आणि बिस्किटांचा डबा टेबलावर आला. नोनोमुरासाननी चिठ्ठ्यांच्या प्रती काढल्या, चौदा हिरवी पानं एका पारदर्शक पिशवीत घातली, सगळं बांधलं.

“टॅक्सी?” सेन्सेई म्हणाले.

“या वेळेला? पुलावर अर्धा तास उभे राहाल,” मुगितानी म्हणाले. “स्कूटरने नऊ मिनिटं. पण मागे माणूस बसवता येत नाही, डब्यांची पेटी आहे. कागद मावतील.”

व्यापारी न्यायालयाचे नियम एकशे चाळीस पानांचे आहेत. लेखी म्हणणं डब्यांच्या पेटीतून आणू नये, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सेईंनी मनातल्या मनात ते दोनदा तपासलं आणि गठ्ठा मुगितानींच्या हातात दिला. कादोवाकींची प्रत नव्या पुराव्यासकट फॅक्सला लागली; ती एकच्या आत पोचणार नव्हती.

बारा छप्पन्नला न्यायालयाच्या खिडकीपाशी एप्रन घातलेला माणूस उभा होता.

“कुणातर्फे?” कारकुनाने विचारलं.

“ओतागुरो सेन्सेईंतर्फे. वादीचं म्हणणं क्रमांक पाच, पानं अडतीस. पुरावा क्रमांक एकतीस, खोक्याचं लेबल, चिठ्ठ्या, आणि पानं चौदा. म्हणजे खाण्यातली पानं.”

“आपण त्यांच्या कार्यालयातले?”

“मी डब्यांचा. पण सगळं वाचलंय. काही अडलं तर विचारा.”

कारकुनाने घड्याळ पाहिलं, कागद मोजले, बारा सत्तावन्नचा शिक्का मारला आणि एकदा गठ्ठ्याचा वास घेतला. त्या दिवसापासून त्या फाइलला बांगड्याचा वास आहे आणि ती फाइल कपाटात शोधावी लागत नाही, असं नंतर त्यानेच सांगितलं.

दीड वाजता इकेजिरी आले. टेबलावर सेन्सेईंचे दोन्ही डबे न उघडलेले होते आणि मधोमध एका बशीत एक हिरवं पान होतं. इकेजिरींनी चष्मा कपाळावर सरकवला, पान उचललं आणि अंगठ्याच्या नखाने टोकं मोजली. सहाव्यावर नख थांबलं.

“हे माझंच आहे,” ते म्हणाले. “कुठे मिळालं?”

“जेवणात,” नोनोमुरासान म्हणाल्या.

“कधी?”

सेन्सेई खिडकीबाहेर पाहू लागले.

“आज,” नोनोमुरासान म्हणाल्या. “आणि आधी एकशे सेहेचाळीस वेळा.”

इकेजिरींनी पान हातरुमालात गुंडाळलं. “म्हणजे मी एकदा जरी तुमच्याबरोबर जेवलो असतो,” ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

पुढच्या तारखेला कादोवाकी वकील ठरल्याप्रमाणे उठून उभे राहिले. त्यांचं बोलणं नेहमी इस्त्री केलेलं असे.

“नियम असा की एकच्या आत न्यायालयात आणि प्रतिवादीकडे, दोन्हीकडे पोचावं. न्यायालयात तीन मिनिटं आधी पोचलं, मान्य. आमच्याकडे एक चाळीसला फॅक्स आला. चाळीस मिनिटं उशीर. शिवाय हा पुरावा वादीकडे आधीपासून होता आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत दडवला. दोन्ही नाकारावं.”

ओतागुरो सेन्सेई उठले. काय बोलायचं ते त्यांनी आठ दिवस ठरवलं होतं, आणि त्यात अब्रू वाचेल असं एकही वाक्य नव्हतं.

“पुरावा दडवला नव्हता,” ते म्हणाले. “खाल्ला होता. म्हणजे त्याच्या शेजारचं खाल्लं होतं. आम्हाला तो त्याच दिवशी कळला, कारण फॅक्स चुकीच्या ठिकाणी गेले. ते गेले याला पुरावा आहे. प्रतिवादीच्या कार्यालयाचा शिक्का, सकाळी दहा वाजून सात मिनिटं.”

त्यांनी पोच पुढे केली. न्यायाधीशांनी ती वाचली. बहुधा ती शांतपणे पूर्ण वाचणारे ते पहिलेच. मग त्यांनी ती कादोवाकींना दाखवली.

“शिक्का आपला?”

“आमचाच आहे. पण ही बांगड्याची पोच आहे.”

“त्या दिवशी आपण कळवलं नाहीत की वादीकडून बांगड्याची मागणी आली.”

“आमच्या लक्षात आलं नाही.”

“म्हणजे वाचलं नाही.”

न्यायाधीश ओतागुरोंकडे वळले.

“आणि आपण ही पोच फाइलला लावली.”

“लावली.”

“वाचली नाही.”

“नाही.”

“तीन वर्षं जे पान शोधत होतात ते समोर ठेवून जेवलात.”

“हो.”

“हा ढळढळीत निष्काळजीपणा आहे,” कादोवाकी मध्येच म्हणाले. “निष्काळजीपणाने आलेला पुरावा…”

“कादोवाकीसान, आपल्या कार्यालयात दुपारचं जेवण कुठून येतं?”

कादोवाकींनी मागे बसलेल्या आपल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान खाली घातली. त्या भागात बारा वाजता वेळेवर येणारं डब्यांचं दुकान एकच होतं.

“आपण कधी टोकं मोजलीत? आपल्या अशिलाच्या कारखान्यातलं पान आहे, असं त्या लेबलवरून दिसतं.”

कादोवाकींनी लेबलाची प्रत उलटी करून ठेवली.

“मग नोंद अशी,” न्यायाधीश म्हणाले. “वादीने काय पाठवलं ते वादीने पाहिलं नाही. प्रतिवादीने काय घेतलं ते प्रतिवादीने पाहिलं नाही. या दाव्यातले सगळे कागद वेळेवर, पूर्ण आणि समजून वाचणारा माणूस एकच निघाला, आणि तो कुणाचाच वकील नाही. चाळीस मिनिटांचा उशीर माफ. पुरावा क्रमांक एकतीस दाखल. प्रतिवादीने सात खोक्यांबद्दल दोन आठवड्यांत म्हणणं द्यावं. या वेळी स्वतः वाचून.”

दोन आठवड्यांनी प्रतिवादीकडून म्हणणं आलं नाही, तडजोडीचा निरोप आला. तिसऱ्या बैठकीत सह्या झाल्या. मागचं दार बंद, उरलेले साचे इकेजिरींच्या ताब्यात, आणि कारखान्याच्या मालकांनी स्वतः दुकानात येऊन अकरा माणसांसमोर वाकून माफी मागायची. हे शेवटचं कलम इकेजिरींनी मागितलं होतं. बाकीची सेन्सेईंनी घातली.

सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. इकेजिरी सकाळीच आले. आज पहिल्यांदा, ते म्हणाले, सगळ्यांबरोबर जेवेन, चालत असेल तर. सेन्सेईंना भरून आलं आणि त्यांनी दाव्याचा सगळा प्रवास सुरुवातीपासून सांगायला घेतला. पुरावा शोधण्यात धीराला कसं महत्त्व असतं, यावर ते विशेष बोलले. नोनोमुरासान हातात मागणीपत्रक घेऊन उभ्या होत्या, पण अशा वेळी मध्ये बोलणं त्यांच्या सव्वीस वर्षांत बसत नव्हतं. बांगडे तीन, कोंबडी एक. हिरवं बटण. त्यांनी ते दोनदा पाहून दाबलं तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

चार मिनिटांत पत्रक परत आलं. ‘मिळाले’च्या चौकोनात मुगितानींचा शिक्का होता आणि खाली त्यांचं अक्षर: ‘मागणी दोन मिनिटं उशिरा. नाकारली.’

नोनोमुरासाननी फोन लावला. “मुगितानीसान, अहो आज इकेजिरीसान आहेत. पहिल्यांदा जेवताहेत.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा. उशीर कशामुळे?”

“सेन्सेई बोलत होते.”

“मग ते टाळता आलं असतं.” मागे तवा चरचरत होता. “तुमच्या लेखी म्हणण्यातलं तिसरं पान काढा. टाळता येण्यासारख्या उशिराला माफी असू नये. मला पटलंय ते.”

“न्यायाधीशांनी चाळीस मिनिटं माफ केली हो.”

“त्यांच्याकडे बारा वाजता गिऱ्हाईक नसतं,” मुगितानी म्हणाले आणि फोन ठेवला.

नोनोमुरासाननी निकाल सांगितला. सेन्सेईंनी विचारलं, यावर कुठे दाद मागता येते का. नोनोमुरासान म्हणाल्या, नाही.

शेवटी बारा वाजता तिघं खाली उतरली. इकेजिरी पुढे होते, कारण कोपऱ्यावरची टपरी त्यांनाच माहीत होती. टपरीवाल्या बाईने त्यांना पाहून न विचारताच वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाली, “आज मंडळी पण आणलीत?” तिघं फळीपाशी खेटून उभी राहिली. वाफ चष्म्यावर चढली. शेवयांच्या वाडग्यात हिरवं पान असायचं काही कारण नव्हतं, पण ओतागुरो सेन्सेईंनी खाण्याआधी काडीने सगळं वरखाली करून तळापर्यंत पाहून घेतलं.